कोरड्या ऋतूतला पूर

जून-जुलै म्हणजे बोत्सवानात थंडीचे दिवस. एप्रिल-मेपासून पावसाचा थेंब नाही, आभाळ निरभ्र, गवत वाळून पिवळं पडलेलं. आणि नेमक्या याच दिवसांत ओकावांगो डेल्टातल्या सफारी कॅम्पभोवती पाणी चढू लागतं! ज्या वाटेने जीप जायची, तिथे मोकोरो, म्हणजे लांब काठीने ढकलायची अरुंद होडी, फिरू लागते. ढग नाही, पाऊस नाही. मग पूर आला कुठून?

तो आला अंगोलातून. तिथल्या पठारावर आपल्या हिवाळ्यात पाऊस कोसळतो. कुबांगो आणि कुइतो या नद्या ते पाणी गोळा करतात, एकत्र येतात आणि नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्सवानात शिरतात. त्यांची बनलेली ही ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही; कलाहारीच्या वाळूवर पंख्यासारखी पसरते आणि तिथेच जिरते, वाफ होऊन उडून जाते. जमिनीला उतार इतका थोडा, की डेल्टाचं सुमारे 250 किलोमीटरचं अंतर कापायला पुराला चार-एक महिने लागतात. म्हणून अंगोलातला जानेवारीचा पाऊस मौन गावाजवळ पोहोचतो तो ऐन कोरड्या दिवसांत.

या एका उशिरावर इथल्या सगळ्या जिवांचं वेळापत्रक बेतलेलं आहे. आसपासचे पाणवठे आटले की हत्तींचे कळप डेल्टाकडे वळतात. लेचवे हरणं लांब, फाकलेल्या खुरांमुळे चिखलपाण्यातून सहज पळतात. आफ्रिकी रानकुत्री याच थंडीत बिळांत पिल्लं घालतात. एरवी दूरदूर भटकणारी त्यांची टोळी त्या काळात एका जागी बांधली जाते, म्हणून कॅम्पवाल्यांना ती रोज दिसू शकते.

ऑगस्टनंतर वरच्या भागातलं पाणी उतरू लागतं आणि लव्हाळ्यांत लपलेले छोटे मासे प्रवाहात येतात. त्यांची वाट पाहत मांगूर झुंडीने जमतात (आपल्याकडे बंदी असलेला 'थाई मांगूर' तो हाच) आणि शेपट्यांच्या फटकाऱ्यांनी पपायरसचे काठ अक्षरशः दणाणून सोडतात. वर बगळ्यांची गर्दी. त्याच सुमारास किरमिजी वेडे राघू येतात आणि नदीकाठच्या उभ्या मातीत बोगदे खणून शेकड्यांनी घरटी करतात.

नोव्हेंबरात आभाळातलं पाणी येतं आणि चित्र पुन्हा पालटतं. रानभर छोटी डबकी भरतात, हत्ती पांगतात. इम्पालांची पाडसं थोड्याच आठवड्यांत एकदम जन्मतात. इतकी एकदम, की शिकारी प्राण्यांना सगळी खाणं शक्यच होत नाही. वाळवीचे पंखवाले किडे उडू लागतात आणि त्यांच्यावर तुटून पडायला अमूर ससाणे हजर होतात. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या आभाळात घटकाभर दिसणारा हा पाहुणा अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे उतरतो.

पाऊस पडताच काही झेब्रे डेल्टा सोडून मकगडिकगडीच्या गवताकडे निघतात. जाताना सुमारे 290 किलोमीटर आणि येतानाही तितकंच. 1968 पासून ही वाट गुरांचे रोग रोखण्यासाठी घातलेल्या कुंपणाने अडवली होती. 2004 मध्ये कुंपण निघालं आणि काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या वाटेने चालू लागले. जुना प्रवास आठवणारा एकही झेब्रा तोवर जिवंत असणं शक्य नव्हतं. तरी त्यांना वाट सापडली!

प्राणी पाण्यावर जगतात, तसं पाण्याला वळणही तेच लावतात. पाणगेंड्यांच्या येण्याजाण्याने प्रवाह मोकळे राहतात. डेल्टातली कितीतरी बेटं तर वाळवीच्या वारुळांपासून सुरू झाली. उंचवट्यावर बी रुजलं, झाड झालं, माती धरली गेली आणि बेट वाढत गेलं.

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ओकावांगो डेल्टा 2014 मध्ये दाखल झाला. त्या यादीतलं ते 1000वं स्थळ. पण वारशाची ती हद्द बोत्सवानातच संपते आणि पाणी येतं अंगोलातून. तिथे नद्या अडवल्या, वळवल्या, तर पूर उशिरा येईल किंवा कमी येईल आणि हे सारं वेळापत्रक कोलमडेल. अंगोला, नामिबिया आणि बोत्सवाना यांनी या नदीसाठी 1994 मध्ये संयुक्त आयोग नेमला, तो याच जाणिवेतून. डेल्टा राखायचा असेल, तर त्याच्या नद्या उगमापासून मोकळ्या वाहायला हव्यात.