शिफारस राज्याची, व्हिसा केंद्राचा

ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतरासाठी किमान ६५ गुण हवेत. राज्याने नामांकन दिलं की कायमस्वरूपी ‘१९०’ व्हिसाला ५, तर प्रादेशिक ‘४९१’ला तब्बल १५ गुण वाढतात. पन्नास गुणांवर अडकलेल्याला हाच खरा आधार. मात्र ‘४९१’ पाच वर्षांचाच असतो. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं. पर्थ, ॲडलेड चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तीन वर्षांनी ‘१९१’साठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. त्या वेळी तीन वर्षांची करनिर्धारणाची पत्रं मागतात. पहिल्या पगारापासून ती एका फायलीत लावत चला. आणि हो, इच्छुक म्हणून सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवायला शुल्क नाही. ‘नामांकन मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.