गाडीच्या काचेवरचा चिकटा



मागच्या डिसेंबरात एका सकाळी आम्ही उभयता लंडनमध्ये गाडीने निघालो होतो. हिवाळ्यात इथे सूर्य दुपारीही फार वर येत नाही. वळण घेताच ऊन थेट समोरच्या काचेवर आले आणि सगळी काच दुधासारखी पांढरी झाली. झेब्रा क्रॉसिंगवरची आई आणि तिचे मूल आम्हांला अगदी जवळ गेल्यावर दिसले. देवाची कृपा, ब्रेक वेळेवर लागला. "आता आपले डोळे गेले," असे म्हणत आम्ही डोळे तपासून घेतले, तर ते ठीक निघाले. मग काचेवर बोट फिरवून पाहिले, तर बोट चिकटले.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट शिकलो: नुसते फडके मारून काच साफ होत नाही. मळ कशाचा आहे हे आधी ओळखावे, मग उपाय करावा.

पहिला मळ झाडांचा. लंडनच्या पुष्कळ रस्त्यांवर 'लाइम' नावाची झाडे आहेत. आपल्या लिंबाशी त्यांचा काही संबंध नाही. बर्लिनच्या प्रसिद्ध रस्त्यावरची लिंडन ती हीच. उन्हाळ्यात त्यांच्या पानांवर मावा पडतो. तो रस शोषतो आणि जास्तीची साखर खाली टाकतो. कोकणात आंब्यावर तुडतुडे पडले की पाने चिकट होऊन वर काळी बुरशी धरते, तसाच हा प्रकार. साखर पाण्यात विरघळते, म्हणून कोमट साबणपाण्यात भिजवलेले फडके काचेवर दहा मिनिटे ठेवावे. खरवडू नये.

दुसरा मळ पाण्याचा. लंडनचे पाणी जड असते. थेंब वाळले की चुन्याचे पांढरे ठिपके राहतात. (मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टचे हलके पाणी येते, तिथे हा त्रास कमी.) चुन्याला आंबट लागते. अर्धे व्हिनेगर, अर्धे पाणी घेऊन ठिपके पुसावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. व्हिनेगर रंगावर व रबरावर राहू देऊ नये.

तिसरा मळ गोंदाचा. 1 ऑक्टोबर 2014 पर्यंत इथे रोड टॅक्सची गोल चकती काचेला लावावी लागे. ती गेली, पण जुन्या गाड्यांवर तिचा डाग राहिला. पार्किंगच्या स्टिकरचेही तसेच. इथे आपल्या पूर्वजांचा धंदा कामी येतो. आपण शनवार तेली! गोंदावर थोडे खाण्याचे तेल चोळून पंधरा मिनिटे थांबावे, मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने हळू काढावे. शेवटी साबणाने तेल पूर्ण घालवावे. मागच्या काचेवर आतून ज्या बारीक रेघा असतात त्या हीटरच्या आहेत. तिथे पाते कधीही लावू नये आणि रेघांच्या दिशेनेच पुसावे.

चौथा मळ दिसत नाही, आणि आम्हांला नडला तो हाच. उन्हात तापलेल्या प्लास्टिकची वाफ आणि आपला श्वास यांचा पातळ थर काचेच्या आतल्या बाजूला बसतो. एक ओले फडके, त्यावर साबणाचा एकच थेंब, आणि एक कोरडे फडके एवढे पुरे. आतून उभे पुसावे, बाहेरून आडवे. म्हणजे राहिलेला पट्टा कोणत्या बाजूचा आहे ते लगेच कळते.

आता दाराचे रबर. काचेला चालते ते रबराला चालत नाही. थंडीत दार चिकटू नये म्हणून आम्ही एकदा रबराला पेट्रोलियम जेली लावली. काही महिन्यांत रबर फुगून मऊ पडले. गाड्यांचे हे रबर बहुधा कृत्रिम असते व खनिज तेलाने फुगते. इथल्या ओलाव्याने त्यावर हिरवे शेवाळ धरते. ते जुना टूथब्रश व साबणपाणी घेऊन काढावे, रबर कोरडे करावे आणि सिलिकॉनचा अगदी पातळ हात द्यावा. काचेवर मात्र सिलिकॉन लागू देऊ नये. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकेही मोकळी ठेवावीत. बर्फाने दार धरले तर ओढू नये, रबर फाटते. आधी दार आत दाबावे, म्हणजे बर्फ तुटतो. काचेवर उकळते पाणी ओतू नये, ती तडकते.

इस्राएलच्या वाचकांना हमसीनची धूळ परिचित आहे. सहाराची धूळ कधीकधी इथेही पावसाबरोबर येते. ती आधी पाण्याने वाहून जाऊ द्यावी. कोरडी पुसली तर काचेवर ओरखडे पडतात.

आमच्या वयाच्या मंडळींना शेवटी एक सांगणे. या देशात सत्तरीला लायसन्स नवे करावे लागते, आणि पुढे दर 3 वर्षांनी. 20 मीटरवरून नंबरप्लेट वाचता आलीच पाहिजे. दिसेनासे झाले तर आधी काच पुसा. काच स्वच्छ असूनही नंबर वाचता येत नसेल, तर मात्र किल्ली मुलाच्या हाती द्या आणि डोळे तपासून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.