जुन्या मोटारीच्या बॉनेटखालचे रंगकाम : कसब, हिशोब आणि सावधगिरी

जालना-भोकरदन रस्त्यावरील, पूर्णाकाठचे केदारखेडा किंवा त्यासारख्या मोठ्या खेड्यात गॅरेज चालविणाऱ्या तरुणाकडे हल्ली निराळ्या प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. आजोबांच्या वेळची फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडलेली असते आणि नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची असते. बाहेरचा रंग कोणीही काढून देतो. परंतु बॉनेट उघडल्यावर आत गंज, काळे तेल आणि लोंबणाऱ्या वायरी दिसल्या, की गाडीची किंमतही उतरते आणि मिस्त्रीची पतही. म्हणून इंजिनाभोवतीच्या पत्र्याचे रंगकाम कसे करावे, त्यात धोका कोठे आहे आणि मजुरीचा हिशोब कसा मांडावा, याचा विचार आपण या लेखात करू.

प्रथम या गाड्यांविषयी थोडेसे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ही नावे घराघरांत पोहोचली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होते. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून अधिकृतपणे बंद झाली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. जीपची कथा आणखी वेगळी आहे. १९४५ साली लुधियान्यात महिंद्र आणि मोहम्मद या नावाने पोलादाची पेढी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पेढीचे नाव बदलून महिंद्र आणि महिंद्र झाले. विलीज जीपची जुळणी याच पेढीने केली. या सर्व गाड्यांचे उत्पादन आता बंद आहे, त्यामुळे आहे तो पत्रा वाचविणे हाच उपाय उरतो.

आतला पत्रा लवकर का कुजतो?

बॉनेटखालच्या पत्र्याला चार शत्रू असतात. पहिला बॅटरीचे तेजाब. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा बहुधा सर्वांत आधी चाळणीसारखा होतो. दुसरा ब्रेक ऑईल. ते रंगावर सांडले तर रंग फुगून सुटतो. तिसरा उष्णता आणि चौथा चिखल-पाणी, जे चाकाच्या बाजूने उडून आतल्या कोपऱ्यांत साचते. हे चारही शत्रू ध्यानात घेतले तर कोणता रंग लावायचा, हे आपोआप ठरते.

रंगाची निवड

आपल्याकडे जुने कारागीर ज्याला डुको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज रंग लवकर वाळतो, घासून चमकतो आणि मारायला सोपा असतो. परंतु पेट्रोल आणि ब्रेक ऑईलपुढे तो टिकत नाही. म्हणून बॉनेटखाली त्याचा आग्रह धरू नये. हार्डनर मिसळून लावायचा दोन डब्यांचा पीयू रंग पूर्ण पक्का झाल्यावर तेल आणि उष्णता बऱ्याच अंशी सहन करतो. हार्डनरचे प्रमाण कंपनीगणिक बदलते. ते डब्यावर वाचूनच मोजावे, अंदाजाने ओतू नये. जुन्या सिंथेटिक रंगावर थेट डुको मारला तर त्यातील तिखट थिनरमुळे खालचा रंग सुरकुततो, हेही लक्षात ठेवावे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या इंजिनाच्या ओतीव भागावर यांपैकी कोणताच रंग चालत नाही. तेथे उच्च तापमानाचा, सिलिकॉनवर आधारलेला रंगच हवा.

रंगाची छटा कोठून ओळखावी? या गाड्यांत आतला पत्रा सहसा बाहेरच्याच रंगाचा असे. वरचा रंग दोन-चार वेळा बदललेला असतो, पण बॅटरी ट्रेखाली किंवा एखाद्या पट्टीच्या मागे मूळ रंगाचा तुकडा सापडतो. तो दाखवून रंगाच्या दुकानातून छटा मिसळून घ्यावी.

कामाचा क्रम

इंजिन बाहेर काढले तर काम सर्वांत चांगले होते. गिऱ्हाईकाची तेवढी तयारी नसेल तर इंजिन जागेवर ठेवूनही करता येते. मात्र मग कार्ब्युरेटरचे तोंड बुचाने बंद करून इंजिन पॉलिथीनने व्यवस्थित गुंडाळावे. काहीही सोडविण्यापूर्वी मोबाईलवर सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी. चाळीस वर्षांच्या वायरीचा मूळ रंग ओळखू येत नाही. पुढे जोडताना हीच चिठ्ठी कामाला येते.

त्यानंतर बॅटरीचे कनेक्शन काढावे. वेल्डिंग होणार असेल तर पेट्रोलची नळी, पंप आणि कार्ब्युरेटर उतरवून दूर ठेवावेत. रिकामी दिसणारी पेट्रोलची नळीही वाफेने भरलेली असते, हे नव्या शागीर्दाला पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे.

धुण्याच्या वेळी तेलकट थर साबणाच्या पाण्याने किंवा डिग्रीझरने काढावा. बॅटरीच्या जागी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा. फेस येणे थांबले म्हणजे तेजाब मेले असे समजावे. आपल्या भागातील बोअरचे पाणी जड असते. ते पत्र्यावर वाळले तर क्षारांचा थर राहतो आणि त्यावर रंग नीट धरत नाही. म्हणून धुऊन झाल्यावर कापडाने पुसून, हवा मारून पत्रा पूर्ण कोरडा करावा.

गंज तारेच्या ब्रशाने आणि ८० नंबरच्या पेपरने उघड्या धातूपर्यंत काढावा. जेथे सुईने टोचल्यावर पत्रा आत जातो तेथे लांबी भरून झाकू नये. तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करावा. लांबी गंजावर चार महिने दिसायला चांगली राहते, पण पुढच्या पावसाळ्यात ती पत्र्यासकट सुटते आणि गिऱ्हाईक रस्त्यात चौघांदेखत विचारते. धातू उघडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. मग ३२० आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासावे. शेवटी रंगाचे दोन ते तीन पातळ हात, मध्ये डब्यावर सांगितलेला अवकाश ठेवून द्यावेत. कोपऱ्यांत आधी मारावे आणि सपाट भागावर नंतर, म्हणजे ओघळ येत नाहीत.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी थिनर हवेतच उडून रंग कोरडा, खरखरीत पडतो. म्हणून सकाळची वेळ धरावी आणि संथ थिनर वापरावा. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे रंगावर पांढरट झाक येते. कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज सकाळी काढणे ही अगदी लहान गोष्ट आहे, पण रंगावरचे अर्धे फोड तिच्यामुळेच टळतात.

ज्यावर रंग चढवायचा नाही

येथे आम्ही वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर आणि रिव्हेटने बसविलेली कंपनीची पाटी यांची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, पण अनेकदा ती बॉनेटखालीच असते. काम सुरू करण्यापूर्वी आरसी बुकातील नंबर गाडीवर शोधून ताडून पाहावा. त्यावर ग्राइंडर फिरवू नये, लांबी भरू नये, जाड रंगाचे थर देऊ नयेत. नंबर वाचता आला नाही, तर आरटीओच्या तपासणीत गाडी चोरीची असल्याचा संशय येतो आणि मालकाबरोबर मिस्त्रीलाही जाब द्यावा लागतो. नंबर आरसीशी जुळत नसेल तर काम हाती न घेणे हेच शहाणपणाचे. तसेच गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरसीत त्याची नोंद करून घेण्याची आठवण गिऱ्हाईकाला आधीच द्यावी.

अर्थिंगच्या बोल्टखालचा पत्राही उघडाच ठेवावा. तेथे रंग गेला की गाडी सुरू होत नाही, दिवे मंद जळतात आणि दोष विनाकारण बॅटरीला दिला जातो. रबरी बुचे आणि वायरी जाण्याची छिद्रे मास्किंग टेपने झाकावीत. बुचे कडक झाली असतील तर नवी घालावीत. पत्र्याच्या धारेवर घासणारी वायर हे आगीचे एक मोठे कारण आहे.

मिस्त्रीच्या छातीची काळजी

पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याच्या फवाऱ्यामुळे दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही श्वास कोंडतो. तोंडाला बांधलेला रुमाल, ओला असला तरी, येथे निरुपयोगी आहे. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मास्क सर्वांत उत्तम, ते शक्य नसेल तर निदान रासायनिक वाफ व फवारा अडविणारा कार्ट्रिजचा चांगला मास्क वापरावा. काम मोकळ्या, वाऱ्याच्या जागी करावे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, पण जुन्या मोटारींवरील थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. म्हणून जुना रंग कोरडा न घासता ओला घासावा आणि लहान मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवावे. बारा-चौदा वर्षांच्या पोरांना या कामाला लावणारे गॅरेज कितीही स्वस्तात काम करीत असले तरी तो सौदा महागच आहे.

हिशोब कसा मांडावा?

गिऱ्हाईकाला रंग दिसतो, मेहनत दिसत नाही. एका मिस्त्रीने एका मदतनिसासह काम केले, तर सोडविणे दोन दिवस, धुणे एक, गंज आणि वेल्डिंग तीन, प्रायमर आणि घासणे दोन, रंग आणि वाळवण तीन, पुन्हा जोडणी तीन, असे साधारण चौदा दिवस धरून चालावे. यात प्रत्यक्ष रंगाचा फवारा एखाद्या दिवसाचा! हे दिवस कागदावर मांडून दाखविले की मजुरीवरून होणारी निम्मी घासाघीस तेथेच थांबते.

अंदाजपत्रक तीन भागांत लिहावे. पहिला ठरलेल्या मजुरीचा. दुसरा मालाचा, दुकानाच्या पावतीसह. तिसरा गंज उघडा पडल्यानंतर ठरणाऱ्या वेल्डिंगचा. हा तिसरा भाग आधी सांगता येत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे आणि पत्रा उघडा झाल्यावर गिऱ्हाईकाला बोलावून दाखवावा. उचल किती, बाकी कधी, हेही दोघांच्या सहीने लिहून ठेवावे. तोंडी व्यवहारात नाती तुटतात, लेखी व्यवहारात ती टिकतात.

या धंद्याला पुढे वाव आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले गेले आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ही गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालविता येत नाही. १९७४ सालच्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्येच पन्नाशीला पोहोचल्या आणि दरवर्षी आणखी गाड्या त्या वयात येत आहेत. मूळ पत्रा, मूळ छटा आणि स्पष्ट वाचता येणारा नंबर जपणारा कारागीर त्यांच्या मालकांना लागणारच आहे. गावातील तरुणांनी जालना किंवा छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या जाणत्या उस्तादाच्या हाताखाली वर्षभर काढून हे कसब शिकावे, चांगला मास्क आणि चांगली स्प्रे गन या दोन वस्तूंवर आधी पैसे घालावेत आणि मगच दुकानावर पाटी लावावी, अशी आमची त्यांना सूचना आहे.