नवी फोर बाय फोर ९० च्या स्पीडला थरथरते? बिघाड कुठे आहे ते मोबाईलवर असं शोधा

ही तक्रार तुम्ही ऐकली असेल, कदाचित तुमचीच असेल. नवी कोरी थार, जिम्नी किंवा गुरखा. गावात एकदम मक्खन चालते. पण नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायला हायवे क्रमांक ३६१ वर काढली, काटा ८५-९० वर गेला, की स्टेअरिंग किंवा सीट थरथरायला लागते. १०० ला थोडं कमी होतं, ८० ला गायब. सर्व्हिस सेंटरला नेली की बॅलन्सिंग करून देतात. तरी जात नाही. मग उत्तर मिळतं, "या गाडीचं असंच असतं."

तसं असेलही, नसेलही. पण "गाडी हलते" एवढंच सांगितलं तर वाद होतो आणि हप्ते भरणारा हरतो. थरथर सेकंदाला किती वेळा होते, तो आकडा सांगितला तर बोलणं बदलतं. तो आकडा मोजायचा सेन्सर तुमच्या खिशात आहे. कसं मोजायचं ते पाहू.

आकड्यावरून बिघाड कसा कळतो?

गाडीत फिरणारे भाग बरेच आहेत, पण प्रत्येकाचा फिरण्याचा वेग वेगळा. ९० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण १० फेरे मारतं. मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण चौपट फिरतो. इंजिनाचा हिशोब तर गिअरवर अवलंबून. म्हणून थरथर सेकंदाला १० वेळा असेल तर संशय चाकावर आणि ४० वेळा असेल तर शाफ्टवर. सेकंदाला किती वेळा, याच मापाला हर्ट्झ म्हणतात.

आधी चाकाचा हिशोब

समोरच्या टायरवर आणि खाली जमिनीवर खडूने एक-एक खूण करा. गाडी सरळ पुढे ढकला. टायरची खूण एक फेरा मारून पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा.

थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा घेर कागदावर २.४८ मीटर येतो. वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरतो. आपण २.४ मीटर धरू.

सूत्र सोपं आहे: स्पीड भागिले ३.६, आलेलं उत्तर भागिले घेर.

९० भागिले ३.६ म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २५ भागिले २.४ म्हणजे १०.४ हर्ट्झ. हा तुमच्या चाकाचा आकडा.

स्पीड मीटरवरून घेऊ नका, तो बहुतेक गाड्यांत थोडा जास्तच दाखवतो. दुसऱ्या मोबाईलवर जीपीएसचा स्पीड बघा.

मोबाईलवर मोजायचं कसं?

फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. त्यात 'ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम' उघडा.

१. मोबाईलचं जाड कव्हर काढा. होल्डरमध्ये लावू नका, होल्डर स्वतःच हलतो. पुढच्या सीटखालच्या लोखंडी पट्टीवर किंवा मॅट उचलून फ्लोअरवर दुहेरी चिकटपट्टीने पक्का बसवा.

२. नोटिफिकेशन बंद ठेवा, नाहीतर मोबाईलचंच व्हायब्रेशन मोजलं जाईल.

३. सोबत दुसरा माणूस हवाच. गाडी चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावायचा नाही. सरळ, मोकळा रस्ता आणि बोर्डावरच्या स्पीड लिमिटच्या आत.

४. जिथे थरथर जास्त होते त्या स्पीडवर गाडी १५-२० सेकंद स्थिर ठेवा. ग्राफमध्ये कोणत्या आकड्यावर सुळका उभा राहतो त्याचा स्क्रीनशॉट घ्या. असं किमान तीन वेळा करा.

५. मग स्पीड १० ने कमी-जास्त करून पुन्हा मोजा. सुळका स्पीडप्रमाणे सरकायला हवा. ८० ला चाकाचा आकडा ९.३ येतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सेन्सर सेकंदाला २०० नोंदी घेत असेल तर फक्त १०० हर्ट्झपर्यंतचं खरं दिसतं. १०० नोंदी घेत असेल तर ५० पर्यंतच. त्यावरची थरथर खालच्या खोट्या आकड्यावर दिसू शकते. आणि मोबाईल थेट इंजिनावर चिकटवू नका. जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन खराब होऊ शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये मोटरसायकलवाल्यांना दिला होता.

कोणता आकडा, कोणता संशय? (९० चा स्पीड, घेर २.४ मीटर)

- साधारण ५.६ हर्ट्झ: गाडी नाही, रस्ता! काँक्रीट रोडचे सांधे बहुधा साडेचार मीटरवर असतात. डांबरी रस्त्यावर पुन्हा मोजा.
- साधारण १०.४ हर्ट्झ: चाक. बॅलन्स बिघडलेला, रिम वाकलेली, टायर पूर्ण गोल नाही किंवा चाक हबवर नीट मध्यात बसलेलं नाही.
- साधारण २१ हर्ट्झ: चाकाच्या दुप्पट. टायर किंचित लंबगोल असण्याची शक्यता.
- साधारण ४० हर्ट्झ: प्रोपेलर शाफ्ट. ॲक्सलचा रेशो ४ धरला तर ४१.६. तुमच्या गाडीचा रेशो मॅन्युअल किंवा सर्व्हिस सेंटरमधून घ्या.
- साधारण ८० हर्ट्झ: शाफ्टच्या दुप्पट. शाफ्टचा क्रॉस किंवा शाफ्टचा कोन. लिफ्ट किट लावलं असेल तर हा संशय आधी.

इंजिन ओळखायला आकड्यापेक्षा सोपी टेस्ट आहे. तोच स्पीड ठेवून एक गिअर खाली घ्या. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन सुटलं. मॅन्युअल गाडीत क्षणभर न्यूट्रल करूनही बघता येतं, पण इंजिन बंद करायचं नाही. स्टेअरिंग आणि ब्रेकची मदत जाते.

५० ग्रॅमची काळी माती काय करते?

९० च्या स्पीडला १८ इंची रिमच्या कडेला फक्त ५० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ते चाकाला साधारण ५ किलोच्या जोराने बाहेर ओढतं. तेही सेकंदाला दहा वेळा. स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट. शिवाय चाक आणि ॲक्सल सस्पेन्शनवर स्वतःहून हलतात ते बहुधा १० ते १५ हर्ट्झच्या आसपास. दोन्ही आकडे जवळ आले की झोका वाढतो, म्हणून थरथर एका ठराविक स्पीडला जास्त होते.

आता आपल्याकडची काळी माती आठवा. शेतरस्त्याने गाडी गेली की ती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून दगडासारखी होते. बाहेरून गाडी चकाचक, आत ढेकूळ! म्हणून पैसे खर्च करण्याआधी चाकांची आतली बाजू प्रेशरने धुवा.

तपासणीचा क्रम

१. फोर व्हील ड्राइव्ह चुकून ४एच मध्ये तर नाही ना? या गाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर २एच मध्येच चालवायचं.

२. थंड टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे करा. यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खाली चपटे होतात. ते अर्ध्या तासात गरम होऊन सुधारले नाहीत तर पुढे चला.

३. चाकाचे नट टॉर्क रेंचने तपासा.

४. रिम धुऊन मगच बॅलन्सिंग.

५. पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली सरकली तर गुन्हेगार चाकच. मग एकेक चाक स्टेपनीशी बदलून बघा. स्टेपनीचा साईज तोच हवा.

६. चाक गोल आहे का ते डायल गेजने किंवा रोड फोर्स मशीनवर तपासून घ्या. साधं बॅलन्सिंग मशीन चाकावर गाडीचं वजन टाकत नाही, म्हणून टायरची कडक जागा त्यावर सापडत नाही.

७. सुळका ४० किंवा ८० वर असेल तर बॅलन्सिंग वारंवार करून उपयोग नाही. थेट शाफ्ट तपासायला सांगा.

थरथर अचानक वाढली किंवा स्टेअरिंग हातात जोरात हिसके मारू लागलं, तर टेस्ट वगैरे विसरा. हळूहळू स्पीड कमी करून बाजूला थांबा, आधी नट बघा.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय लिहून घ्यायचं?

जॉब कार्डवर "गाडी व्हायब्रेट होते" एवढंच लिहू देऊ नका. असं लिहायला सांगा: "जीपीएस स्पीड ९०, कंपन १०.४ हर्ट्झ, गिअर बदलला तरी तेच, डांबरी रस्त्यावरही तेच." सर्व्हिस इंजिनिअरला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला ट्रायल घ्या. प्रत्येक जॉब कार्डची कॉपी ठेवा.

तरीही टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार तिथे चालते, मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. मोबाईलचा ग्राफ म्हणजे प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाही, पण कोणता भाग तपासायचा हे तो सांगतो. त्याचं महत्त्व मोठं आहे, कारण २००६ च्या एका मारुतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की वॉरंटी खराब भाग बदलून देण्याची असेल तर थेट नवी गाडी मागता येत नाही. म्हणजे भाग कोणता, हे आधी ठरायला हवं.

तुमच्या ओळखीत कुणाची गाडी ९० ला थरथरत असेल तर हा लेख त्याला पाठवा. पुढच्या वेळी बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी तो खडू आणि टेप घेऊन चाकाजवळ बसला, तरी अर्धं काम झालं.