नाईल मगर

नदीकाठच्या वाळूत एक मोठा ओंडका पडलेला दिसतो. आपण जवळ जाऊ लागलो, की तो ओंडका हळूच सरकतो आणि आवाज न करता पाण्यात शिरतो! हा ओंडका नव्हे, ही आहे आफ्रिकेतील नाईल मगर.

तिचे नाव नाईल नदीवरून पडले आहे. पण ती केवळ त्याच नदीत राहत नाही. आफ्रिकेतील कितीतरी नद्या, सरोवरे आणि दलदली हे तिचे घर आहे. पूर्ण वाढलेला नर साधारणपणे चार ते पाच मीटर लांब असतो. मादी त्याहून लहान असते. मगरीचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. त्यामुळे सारे शरीर पाण्यात लपवूनही तिला पाहता येते व श्वास घेता येतो.

मगर हा सरपटणारा प्राणी आहे. अंग गरम करण्यासाठी ती सकाळी उन्हात पडून राहते. ऊन फार वाढले, की जबडा उघडा ठेवते. त्यामुळे तिचे डोके थंड राहते.

केनिया व टांझानिया या देशांतून मारा नदी वाहते. दरवर्षी गवताच्या शोधात निघालेले हजारो प्राणी ही नदी पार करतात. मगरी त्यांची वाट पाहत असतात. मगरीच्या दातांची पकड घट्ट असते. पण त्या दातांनी तिला चावून खाता येत नाही. म्हणून शिकार धरून ती पाण्यात गरागरा फिरते आणि मांसाचे तुकडे तोडून गिळते. एकदा पोटभर खाल्ले, की पुढे अनेक दिवस तिला अन्न लागत नाही.

अशी ही क्रूर वाटणारी मगर आई म्हणून मात्र फार प्रेमळ असते. मादी काठावर खड्डा खणून त्यात सुमारे पन्नास अंडी घालते व वाळूने झाकते. जवळजवळ तीन महिने ती तेथेच पहारा देते. थोडी जरी दूर गेली, तरी घोरपडीसारखे प्राणी अंडी पळवतात. अंड्यांतून पिलांचा आवाज येताच ती वाळू उकरते, पिलांना अलगद जबड्यात धरते आणि पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याची सर्वांना भीती वाटते, त्याच जबड्यात पिले सुखरूप असतात!

खोटे रडणाऱ्याला आपण ‘नक्राश्रू ढाळतो’ असे म्हणतो. नक्र म्हणजे मगर. उर्दूतही ‘मगरमच्छ के आँसू’ म्हणतात. खरे पाहता, मगरीच्या डोळ्यांत पाणी येते ते डोळे ओले राहावेत म्हणून. त्यात कपट नसते.

कपट केले ते माणसाने. कातडीच्या पट्ट्यांसाठी व पिशव्यांसाठी त्याने हजारो मगरी मारल्या. १९७३ साली अनेक देशांनी वन्य प्राण्यांच्या व्यापारावर बंधने घालणारा करार केला. शिकारीवरही बंदी आली. त्यानंतर अनेक ठिकाणी मगरींची संख्या पुन्हा वाढली.

परंतु नदीवर पाणी भरणारे गावकरी आणि मासेमारी करणारे कोळी यांना मगरींचे भय आजही आहे. काही गावांत पाणी भरण्याच्या जागेभोवती कुंपण घालतात. माणूसही वाचावा आणि मगरही वाचावी, हाच खरा मार्ग नव्हे काय?

शब्दार्थ
ओंडका – झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा
दलदल – चिखलाची ओली जमीन
अलगद – हळूच, धक्का न लावता
कपट – फसवणूक

प्रश्न
१. मगर जबडा उघडा का ठेवते?
२. मादी पिलांची काळजी कशी घेते?
३. ‘नक्राश्रू ढाळणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.