नीळ की पिवडी?

"पांढरा तं पांढराच असते, त्यात काय पाहाचं?" आमच्या जिवतीकडे रंगाचा विषय निघाला की हे ऐकू येतंच. पण दिवाळीआधी चुना भिजवला की वादही ठरलेला: त्यात चिमूटभर नीळ टाकायची की पिवडी? नीळ टाकली तर भिंत निळसर पांढरी, पिवडी टाकली तर क्रीम. बादलीत बघाल तर फरक जेमतेम. पण एकच लहान खिडकी असलेल्या घरकुलात मुलांना संध्याकाळी दिव्याशिवाय किती वेळ वाचता येईल, हे थोडंफार यावरही अवलंबून असतं.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे डोंगराखाली गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याला जो दगड लागतो, तोच आपल्या भिंतीवर! हा थर बरेचदा किंचित पिवळट असतो. नीळ प्रकाशातला पिवळा-लाल भाग शोषते, पिवळटपणा मरतो आणि भिंत जास्त पांढरी वाटते. शाळेच्या शर्टाला नीळ देतात ती याचसाठी. गंमत अशी, की भिंत आता आधीपेक्षा कमी उजेड परत देत असते! पिवडी मुख्यतः निळा भाग खाते. आपल्या डोळ्याला उजेड सर्वात जास्त जाणवतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या-पिवळ्यात. त्यामुळे तेवढ्याच फिकट क्रीममध्ये उजेडाचं नुकसान कमी.

आता थोडं गणित. समजा एक भिंत ८० टक्के उजेड परत देते आणि दुसरी ७५. खिडकीतून आलेला उजेड तीन भिंतींवर आपटून कोपऱ्यातल्या वहीवर पोचला, तर पहिल्या खोलीत ५१ टक्के उरतो, दुसरीत ४२. पाचाचे नऊ झाले!

याच आपटण्यामुळे क्रीम रंग शेडकार्डपेक्षा भिंतीवर गडद दिसतो, कारण दर वेळी थोडा निळा भाग कमी होतो. पिवळ्या बल्बखाली तर तो मळकटच वाटतो. पांढऱ्या एलईडीखाली बरा दिसतो.

माझं मत विचाराल तर अभ्यासाच्या खोलीला पिवडी, तीही अगदी कमी. बैठकीत आईला नीळच हवी असेल तर वाद घालू नका. आणि ओल्या भिंतीवरून काही ठरवू नका. ओला चुना पारदर्शक दिसतो. खिडकीजवळ आणि अंधाऱ्या कोपऱ्यात दोन-दोन फुटांचे पट्टे मारा, शेजारी वहीचा कोरा कागद धरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व दिवेलागणीला बघा.