पहिला नंबर नसलेली धाव

कुआलालंपूरमध्ये १९३८ सालच्या डिसेंबरात काही ब्रिटिश नोकरदारांनी पळण्याचा एक क्लब काढला. त्याला मैदान नव्हतं, प्रशिक्षक नव्हता, चषकही नव्हता. शर्यतच नसल्यामुळे पहिला नंबर काढायचा प्रश्न येत नव्हता. कचेरी सुटल्यावर रबराच्या मळ्यांतून तासभर धावायचं, वाटा चुकायच्या, चिखलाने माखून परतायचं आणि थंड बिअर प्यायची, एवढाच कार्यक्रम. या क्लबचं नाव ‘हॅश हाउस हॅरिअर्स’. आज त्याच नावाचे आणि त्याच पद्धतीने धावणारे एक हजाराहून अधिक क्लब जगभर आहेत. त्यांचं जागतिक संमेलन २००२ साली आपल्या शेजारी, गोव्यात भरलं होतं. मूठभर माणसांनी करमणुकीसाठी सुरू केलेली गोष्ट इतकी का टिकली, याचं उत्तर तिच्या पहिल्या काही वर्षांत सापडतं.

खेळ मुळात जुना, इंग्लंडमधल्या निवासी शाळांचा. दोन मुलं ‘ससे’ व्हायची आणि कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची. बाकीची मुलं शिकारी कुत्र्यांसारखी त्या कपट्यांचा माग काढत त्यांना गाठू पाहायची. श्रूसबरीच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हा खेळ रुळला होता. रग्बी शाळेची क्रिक गावाची प्रसिद्ध धाव १८३७ साली सुरू झाली. त्याच शाळेत शिकलेल्या थॉमस ह्यूजने १८५७ साली ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ या कादंबरीत अशा एका धावेचं वर्णन केलं आणि खेळ घरोघरी ठाऊक झाला. १८६८ साली लंडनच्या काही नावाड्यांनी, हिवाळ्यात वल्ही बंद असताना अंग मोडू नये म्हणून, ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब काढला. क्रॉस-कंट्री धावण्याचा हा जगातला सर्वांत जुना क्लब मानतात.

पण मोठी माणसं खेळात उतरली की हिशेब सुरू होतो. कोण किती मिनिटांत आला, कोणत्या क्लबचे किती गडी पहिल्या दहांत आले, हे मोजलं जाऊ लागलं. १८७६ साली एपिंगच्या जंगलात इंग्लंडची पहिली राष्ट्रीय क्रॉस-कंट्री स्पर्धा झाली. तिथे धावणारे वाट चुकले आणि शर्यत रद्द ठरवावी लागली. पुढच्या वर्षी ती पुन्हा घेतली गेली आणि टेम्सच्याच पर्सी स्टेनिंगने जिंकली. शर्यतीत वाट चुकणं परवडत नाही. म्हणून मार्ग आखून द्यायची पद्धत आली आणि कागदाचे कपटे हळूहळू मागे पडले. खेळातली शोधाशोध संपली, फक्त धावणं उरलं.

कुआलालंपूर ज्या मलायात होतं, तिथे नेमकं उलटं घडलं. तिथल्या ब्रिटिश नोकरदारांनी हा खेळ शाळेतल्या रूपातच जपला होता. मलाक्का, जोहोर अशा ठिकाणी कागदाचा माग काढत पळणाऱ्या छोट्या टोळ्या निघत आणि त्यातली मंडळी बदलून गेली की बंद पडत. मलाक्काच्या अशाच एका टोळीत आल्बर्ट स्टीफन इग्नेशियस गिस्पर्ट नावाचा सनदी लेखापाल धावत असे. तो लंडनचा, १९०३ चा जन्म, घराणं मूळचं स्पेनमधलं. मित्र त्याला नुसतं ‘जी’ म्हणत. कुआलालंपूरला बदली झाल्यावर त्याने सेसिल ली, फ्रेडरिक थॉमसन आणि आणखी काही मित्र जमवून तीच मजा तिथे सुरू केली.

गिस्पर्ट काही धावपटू नव्हता. अंगाने गोलसर, स्वभावाने गप्पिष्ट. धाव संपल्यावरच्या बैठकीत त्याला अधिक रस होता, असं त्याचे मित्र सांगत. क्लब काढणारा माणूसच मागून येणाऱ्यांतला होता, म्हणून मागून येणाऱ्यांची सोय त्यात पहिल्या दिवसापासून होती.

नावही त्यानेच सुचवलं असं मानतात. कुआलालंपूरच्या मधोमध असलेल्या पडांगवर, म्हणजे तिथल्या मैदानावर, सेलांगोर क्लब १८८४ पासून उभा होता. आपल्याकडच्या जिमखान्यांसारखाच तो साहेबी संसाराचा मध्यबिंदू. खेळ, नाच, पत्ते, मद्य सगळं तिथे. या क्लबच्या राहण्याच्या इमारतीत अविवाहित नोकरदार उतरत आणि तिथल्याच खाणावळीत जेवत. जेवण रोज तेच ते. म्हणून त्या जागेला सगळे चेष्टेने ‘हॅश हाउस’ म्हणत. हॅश म्हणजे उरलंसुरलं मांस आणि बटाटे एकत्र परतून केलेला पदार्थ, त्याचा गांजा-चरसाशी काही संबंध नाही. आणि सशामागे धावणाऱ्या कुत्र्यांची जात ती हॅरिअर. फिक्या जेवणाची तक्रार अशी क्लबच्या नावात कायमची जाऊन बसली.

धाव चालायची ती अशी. दोन ससे आधी निघत. खांद्यावरच्या पिशवीत फाडलेल्या कागदाचे कपटे. रबराचे मळे, कथलाच्या खाणींची पडीक जमीन, कमरेइतकं लालांग गवत, ओढे, मलाय वस्त्यांच्या पायवाटा, अशा भागातून ते माग टाकत जात. थोड्या वेळाने बाकीचा घोळका सुटे. कपटे दिसले की पुढचा ओरडे, ‘ऑन ऑन!’ मागचे त्या आवाजाच्या रोखाने येत.

खरी करामत मागात होती. सशांनी मुद्दाम खोट्या वाटा टाकलेल्या असत. दोनतीनशे पावलं कपटे दिसत आणि मग एकदम काही नाही. काही ठिकाणी मागच तुटे. अशा जागेला ‘चेक’ म्हणत. तिथे पोचलेल्यांनी चारी दिशांना पांगून पुढचा कागद शोधायचा. सगळ्यांत वेगवान गडी सगळ्यांत आधी चेकवर पोचणार, म्हणजे चुकीच्या वाटेवर सगळ्यांत लांब तोच जाणार आणि परतही तोच येणार. तोवर रमतगमत येणारे चेकपाशी पोचलेले असत. कोणीतरी दुसरीकडून ‘ऑन ऑन’ ओरडलं की आतापर्यंत पुढे असलेला शेवटी आणि शेवटचा पुढे. तासाभरात वेगवान माणूस दीडपट अंतर कापे, जाडजूड माणूस सरळ वाटेने येई, आणि दोघे जवळपास एकाच वेळी बिअरच्या टबाशी पोचत. दुबळ्याला सवलत देण्याचे नियम इतर खेळांतही असतात. इथे तो नियम कागदावर नव्हता, जमिनीवर टाकलेला होता. कोणाला सवलत मिळाल्यासारखं वाटत नसे आणि कोणाला अडवल्यासारखंही.

ससा होणं म्हणूनच कौशल्याचं काम. माग फार सोपा टाकला तर वेगवान मंडळी पळून जातात. फार अवघड टाकला तर सगळाच घोळका रानात अडकतो. विषुववृत्ताजवळ सूर्य बुडाला की अंधार पडायला वेळ लागत नाही. गवतात वाट हरवलेले, जळवा चिकटलेले, दलदलीत बूट सोडून आलेले गडी रात्री परत येत आणि सशांना मनसोक्त शिव्या देत. या शिव्या हा कार्यक्रमाचाच भाग होता.

धाव संपली की बर्फ घातलेल्या पत्र्याच्या टबातून बिअर निघे. बिअर नको असेल त्याला जिंजर बिअर. धावायला पुढे सोमवार हाच वार पक्का झाला. शनिवार-रविवारची नशा घामावाटे काढायची आणि त्याच संध्याकाळी नव्याने तहान भागवायची, असा तो उफराटा आरोग्यविचार होता. तीन वर्षांत शंभरावर धावा झाल्या. रजेवरून परतलेल्या रोनाल्ड बेनेटने, ज्याला सगळे ‘टॉर्च’ म्हणत, क्लबचं बँकेत खातं उघडलं आणि जमाखर्चाला शिस्त लावली. याहून जास्त संघटना त्या क्लबने कधी मनावर घेतली नाही.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर उतरलं. ११ जानेवारीला कुआलालंपूर पडलं. गिस्पर्ट तेव्हा रजेवर ऑस्ट्रेलियात होता, तो लढायला परत आला. आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या पलटणीबरोबर सिंगापूरच्या बचावात लढताना ११ फेब्रुवारी १९४२ रोजी तो मारला गेला. चारच दिवसांनी सिंगापूरने शरणागती पत्करली. क्लबचे इतर कित्येक सभासद युद्धकैदी झाले.

युद्ध संपल्यावर वाचलेले सभासद परत जमले. टॉर्च बेनेटने सरकारकडे युद्धातल्या नुकसानीचा दावा लावला. त्यात क्लबची मालमत्ता नमूद होती: बिअरचे मग, एक पत्र्याचा टब आणि दोन जुन्या पिशव्या. तीन वर्षं नियमित चाललेल्या संस्थेची एकूण मिळकत ही. गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून नव्याने सुरू करायलाही फारसं काही लागलं नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये रेसकोर्सभोवती एक छोटी फेरी मारून क्लब पुन्हा पळू लागला.

दोन वर्षांनी नवं संकट आलं. १९४८ साली कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध मलायात आणीबाणी लागू झाली. रबराचे मळे हीच बंडखोरांची लपायची जागा आणि तीच हॅशची धावपट्टी. कुठे कर्फ्यू, कुठे प्रवेशबंदी, तरीही उरलेल्या भागात धावा चालू राहिल्या. क्लबच्या आठवणींत चेरास भागातला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. पावसात धावणारा घोळका रानात आडोशाला पडलेल्या माणसांवरून गेला. ते बंडखोर असल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलं, खबर दिली गेली आणि त्यातले काही जण लष्कराच्या हाती मारले गेले. पुढे हा प्रसंग क्लबमध्ये गमतीने सांगितला गेला. ज्या भूमीवर ही मंडळी खेळत होती तिथे एक वेगळा आणि रक्तरंजित संघर्ष चालू होता, हेही त्यातून दिसतं.

याच काळात सरकारने सगळ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली. १९५० च्या नोंदीत क्लबने आपली उद्दिष्टं लिहून दिली ती अशी: सभासदांची शरीरं तंदुरुस्त ठेवणं, सप्ताहान्ताची नशा उतरवणं, चांगली तहान लागू देणं व ती बिअरने भागवणं, आणि वयस्क सभासदांना ते स्वतःला समजतात तितके म्हातारे नाहीत हे पटवून देणं. सरकारी दप्तरात इतकी प्रामाणिक घटना क्वचितच दाखल झाली असेल.

इतकं असूनही बरीच वर्षं कुआलालंपूरबाहेर क्लब फारसा पसरला नाही. युद्धानंतर इटलीतल्या बोर्दिगेरा इथे एका जुन्या सभासदाने शाखा काढली होती, तेवढीच. मलाया १९५७ साली स्वतंत्र झाला, साहेब मंडळी एकेक करून दुसऱ्या देशांत नोकरीला गेली. १९६२ साली सिंगापुरात हॅश सुरू झाला, पाठोपाठ ब्रुनेईत, आणि मग वणवा लागावा तसा तो पसरला. तेलकंपन्या, वकिलाती, लष्करी तळ, जिथे परदेशातून आलेली माणसं एकटी पडतात तिथे हॅश निघाला. मध्यवर्ती कार्यालय नाही, संलग्नता शुल्क नाही, कोणाची परवानगी नको. दोन ससे, थोडे कपटे आणि एक पेटी बिअर असली की शाखा तयार. १९७८ साली हाँगकाँगला पहिलं जागतिक संमेलन भरलं. ते दर दोन वर्षांनी फिरत फिरत २००२ मध्ये गोव्याला आलं.

या कहाणीची दुसरी बाजू झाकू नये. हा मूळचा सत्ताधाऱ्यांचा विरंगुळा होता. ज्या मळ्यांतून ते पळत तिथे रबराचा चीक काढणारे बहुतेक मजूर तमिळनाडूतून नेलेले होते. त्यांच्या दृष्टीने संध्याकाळी कागद शोधत धावणारे साहेब हा काय प्रकार असेल, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. कुआलालंपूरचा मूळ क्लब, ज्याला सगळे ‘मदर हॅश’ म्हणतात, पुरुषांपुरताच राहिला, बायकांनी सत्तरच्या दशकात आपले वेगळे हॅश काढले. बहुतेक शाखांत आता स्त्रीपुरुष एकत्र धावतात आणि स्थानिक माणसांचं प्रमाणही मोठं आहे. मद्याचा बाऊ करणाऱ्यांना हा क्लब पटणार नाही, आणि काही ठिकाणी धावणं हे पिण्याचं निमित्त होऊन बसलं आहे हेही खरं.

तरी मूळ कल्पना मद्यावर उभी नाही. ती उभी आहे चेकवर. इंग्लंडने एका खेळाची शर्यत केली, मलायातल्या या मंडळींनी त्यातून शर्यत वजा केली आणि सगळ्या वयाची, सगळ्या वेगाची माणसं एकत्र धावू शकली. आपल्याकडे आता गावोगावी मॅरेथॉन होतात. मनगटावरचं घड्याळ प्रत्येक किलोमीटरचा हिशेब देतं, आणि ज्याला तो हिशेब झेपत नाही तो दोन महिन्यांत धावणं सोडतो. त्याच्यासाठी ही जुनी युक्ती करून पाहण्यासारखी आहे. आपापल्या गटाने एखाद्या रविवारी दोघांना ससा करावं. कागदाचा कचरा नको, कणकेचं पीठ पुरे. वाट शेतातून जात असेल तर शेतकऱ्याला आधी विचारावं. दोन खोट्या वाटा, तीन चेक, शेवटी बिअर नको असेल तर उसाचा रस. फक्त वेळ मात्र कोणी मोजू नये.